करड्या अक्षरांचा ऑक्टोबर

"चालतंय ना? मग हात नको लावूस."

मीरा रोडच्या शांती नगरातल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे दोघीजणी उभ्या होत्या. गळ्यात कॉलेजची ओळखपत्रं, पाठीवर बॅगा. प्रॅक्टिकलची जर्नल जमा करायचे दिवस आहेत. प्रोग्रामचे प्रिंट काढून जर्नलमध्ये चिकटवायचे असतात. त्यातली एक मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणत होती की ही मधली ओळ कशासाठी आहे तेच कळत नाहीये. त्यावर दुसरीनं तिला हात न लावण्याचा सल्ला दिला होता.

"आणि व्हायवात तोंडी सरांनी नेमकं तेच विचारलं तर?"

"सर पण प्रश्न एआयमधूनच काढतात गं. तू पण त्यालाच विचारून ये. प्रश्न आणि उत्तर एकाच घरचे."

दोघी हसल्या. पहिली जरा उशिरा हसली. दुसरी हसतेय म्हणून हसायचं, ते हसू माझ्या चांगलं ओळखीचं आहे. तिला काहीतरी सांगावंसं वाटलं. पण मी आईच्या आधार कार्डाच्या प्रती घेतल्या, "भैया, कितना हुआ" विचारलं आणि बाहेर पडले. अनोळखी माणसाशी आपणहून बोलायचं तर माझ्या गळ्यात आधी पूर्ण वाक्य तयार व्हावं लागतं. ते तयार होईपर्यंत माणूस निघून गेलेलं असतं.

बाहेर ऑक्टोबर होता. पाऊस जातो तेव्हा आमच्याकडची हवाही बरोबर घेऊन जातो. मेट्रोच्या खांबांखालून शेअर रिक्षा धूळ उडवत जातात, आणि आत बसलेल्या तिघांच्या घामाचा मिळून एकच वास होतो. सोसायट्यांच्या पटांगणात मांडवाचे बांबू पडलेले असतात, कुणीतरी माइकवर "हॅलो, चेक, हॅलो" म्हणत असतं आणि कोणीच त्याला उत्तर देत नसतं. इमारती संपतात तिथे मागे मिठागरं दिसतात. या दिवसांत तिथे मीठ नसतंच. पावसानं खचलेले बांध लिंपत माणसं चिखलात उभी असतात. आणि ऊन कललं की हिरवट झुबक्यांची सातवीण फुलते. तिचा वास गोड म्हणावा तर गोड, पण डोकं धरायला लावणारा. लोक म्हणतात, छान सुटलाय. मी मात्र तो वास आला की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. गेल्या वर्षीचा अख्खा ऑक्टोबर त्या वासात भिजलेला आहे.

गेल्या वर्षी मी ट्रेनी होते. ऑफिस फरसाणाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. सकाळी फाफडा तळायला घेतला की आमच्या कीबोर्डांनाही बेसनाचा वास यायचा. आसपासच्या छोट्या दवाखान्यांना आम्ही सॉफ्टवेअर बनवून द्यायचो: पेशंटची नोंद, नंबर, पुढची तारीख. मालकांना सगळे नुसतं सर म्हणत. कोड बघायच्या वर्षा मॅडम. आणि ट्रेनी दोन, मी आणि दर्शन. दर्शन गुजराती, गल्लीतल्या प्रत्येकाला नावानं ओळखणारा, मला मात्र का कोण जाणे जपणारा. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "बघा, खोटं नाही बोलत. आधी एवढ्या कामाला चार जण लागायचे. आता टूल आहे, एक पुरतो. दिवाळीच्या आधी बघू, कोण राहणार ते."

तो "बघू" मी रोज डब्याबरोबर घेऊन जायचे आणि परत आणायचे.

तसं बघितलं तर माझं काम उत्तम चाललं होतं. माझ्या फाइली स्वच्छ असायच्या, वेळेत असायच्या. सर एकदा म्हणालेसुद्धा, "ही बोलत नाही, पण हिचा कोड बोलतो." तेव्हा मी खाली बघून हसले होते. तो कोड कुणाच्या आवाजात बोलतो हे मला माहीत होतं.

ज्यांनी हे काम जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपण ओळ लिहायला घेतो. दोन-तीन अक्षरं होतात न होतात, तोच पुढची सगळी ओळ, कधी पुढच्या दहा ओळी, पडद्यावर फिकट करड्या रंगात उमटतात. यंत्र सुचवत असतं: तुला हेच म्हणायचंय ना? पटलं तर टॅबचं बटण दाबायचं. करडी अक्षरं गडद होतात आणि आपली होतात. पटलं नाही तर लिहीत राहायचं. न पटण्यासाठी मात्र आपल्याकडे आधीच काहीतरी असावं लागतं.

माझी वाक्यं दुसऱ्यांनी पूर्ण करायची, ही काही मला नवी गोष्ट नव्हती. डॉक्टरांकडे गेलं की ते मला विचारत आणि आई सांगे, "हिच्या घशात दुखतंय कालपासून." पाहुण्यांकडे, "हिला गोड आवडत नाही." मी तोंड उघडलेलंच असे, पण तोवर उत्तर पोचलेलं असे. आईचा त्यात काही दोष नाही. गोडदेवमधल्या आमच्या घरात नळाला पाणी येतं तेवढ्या वेळात सगळं उरकावं लागे, माझ्या वाक्यांसाठी कोण थांबणार? आईबाबांनी रत्नागिरी सोडताना ठरवलं होतं की मुलगी इंग्रजी शाळेत जाईल, आणि मी गेले. तिथे वर्गात मराठी बोललं की बाई रागवायच्या. इंग्रजी वाक्य मनात जुळवून, काळ तपासून, मी हात वर करेपर्यंत धडा पुढे गेलेला असे. घरी आलं की आत्या म्हणत, "काय गं तुझं मराठी, सायबासारखं!" खाली दुकानात हिंदी. तीन भाषा आल्या आणि तिन्हीत मी अर्ध्यावर थांबायला शिकले. उरलेलं अर्धं समोरच्यानं भरायचं.

म्हणूनच कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला कॉम्प्युटरची लॅब आवडली असणार. जुनी यंत्रं, बंद पडलेला एसी, कुबट वास, आणि काळ्या पडद्यावर लुकलुकणारी ती छोटी उभी रेघ. कर्सर. मी काही लिहिलं नाही तरी तो लुकलुकत राहायचा. घाई नाही, "बोल ना पटकन" नाही. मी चुकले की अमुक ओळीत चूक आहे एवढंच सांगायचा. वर्गाकडे वळून हसायचा नाही. मी ती ओळ बघायची, पुन्हा बघायची, आणि कधीतरी एकदम दिसायचं की स्वल्पविराम राहिलाय, किंवा कंस उघडला आणि मिटलाच नाही. त्या क्षणी छातीत जे व्हायचं त्याला मी अजून शब्द शोधतेय. माझ्यासाठी वाट बघणारं ते जगातलं पहिलं कुणीतरी होतं.

मग करडी अक्षरं आली. पहिल्या दिवशी मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं. वाटलं, बोलायच्या आत मनातलं ओळखणारं कुणी भेटलं! त्याच टूलला प्रश्नही विचारता यायचे, आणि तिथे कुणी बघत नव्हतं. कितीही बावळट प्रश्न विचारा, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून विचारा, उत्तर नम्रपणे यायचं. वर्गात कधी न विचारलेले सगळे प्रश्न मी त्याला विचारले. मी खरंच शिकले त्याच्याकडून, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. पण हळूहळू एक बदल झाला आणि तो कधी झाला ते मला कळलं नाही. आधी तो पडदा माझी वाट बघायचा. आता मी दोन अक्षरं लिहून थांबायचे आणि पडद्याची वाट बघायचे.

नवरात्र सुरू झालं होतं. काशीगावातल्या एका दवाखान्यात आम्ही नवी सोय बसवली होती. पेशंटची पाळी आली की भिंतीवरच्या टीव्हीवर नाव झळकेल आणि स्पीकरवरून आवाज येईल. सरांची इच्छा होती की मिस्टर, मिसेस लागलं पाहिजे, "जरा मोठ्या हॉस्पिटलसारखं वाटू दे ना." पूर्ण नावातून आडनाव वेगळं काढायचं काम माझ्याकडे आलं. मी काय हवंय ते इंग्रजीत एका ओळीत लिहिलं. करडी अक्षरं आली. नाव जिथे जिथे मोकळी जागा आहे तिथे तोडायचं, शेवटचा तुकडा ते आडनाव. मी माझं नाव घालून पाहिलं: अनुजा प्रकाश सावंत. मिस सावंत. चाललं. टॅब.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या रेश्माचा फोन आला. ती तिथे नावं लिहून घेते. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सर, तुमचं मशीन आज बायकांना नवऱ्यांच्या नावानं हाका मारतंय!"

दर्शन हसला. सरसुद्धा हसले. दवाखान्यात नावं रेशन कार्डावरच्यासारखी लिहितात, आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं. शेवटचा तुकडा म्हणजे नवरा.

"सकाळी एकीला म्हणालं, मिसेस रमेश. ती बाई म्हणते, मग रमेशलाच टोचा सुई, मी चालले. सगळा हॉल हसतोय. पण नंतर काय झालं माहितीय का? जनाबाई आल्या होत्या, गावातल्या. भोईर जनाबाई बाळाराम. आमच्याकडे म्हाताऱ्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत हो. तोंडातून काढत नाहीत. आणि हे स्पीकरवर बोंबलतंय, मिसेस बाळाराम, मिसेस बाळाराम. तो जाऊन पण किती वर्षं झाली. त्या इतक्या कावऱ्याबावऱ्या झाल्या, मी बोलले, आजी, तुमचाच नंबर हाय. तर म्हणतात, 'मी न्हाय ती,' आणि उठून घरी. तपासायचं राहिलं, बीपीची गोळी राहिली."

आता कुणी हसत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणायला सुरुवात केली, "ते... नाव जिथे..."

"छोटा सा बग है रेश्मा, अभी कर देते हैं," दर्शननं सांगून टाकलं. त्याला मला वाचवायचं होतं. तो नेहमी वाचवायचा.

मी जनाबाईंना कधी पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून त्या माझ्या डोळ्यांपुढे बसायला यायच्या. प्लास्टिकच्या खुर्चीवर, पदर दातात धरून. आयुष्यभर जे नाव ओठांवर येऊ दिलं नाही, ते भिंतीवरच्या यंत्रानं इंग्रजी उच्चारात चव्हाट्यावर मांडलं. ते मी मांडलं होतं, आणि कसं, हे मला सांगता येत नव्हतं. त्याचा त्रास जास्त होता.

मी त्याच यंत्राला विचारलं. ते म्हणालं, तुम्ही अगदी बरोबर आहात, आणि दुरुस्ती दिली. महाराष्ट्रातल्या आडनावांची एक लांबलचक यादी. नावाचा पहिला तुकडा त्या यादीत असेल तर तेच आडनाव. चाललं. मग उत्तनहून येणाऱ्या एका कुटुंबाची तक्रार आली, त्यांची नावं सरळच लिहिलेली होती, आडनाव शेवटी, आणि त्यांच्यातल्या एकाचं पहिलंच नाव आडनावांच्या यादीत सापडलं होतं. पुन्हा विचारलं. तुम्ही अगदी बरोबर आहात. आणखी काही ओळी. मग एकच नाव असलेले एक चाचा पडद्यावर नुसते "मिस्टर" म्हणून आले, पुढे काहीच नाही. पुन्हा. प्रत्येक दुरुस्तीनं एक पेशंट बरा व्हायचा आणि दुसरा आजारी पडायचा. फाइल वाढत गेली. स्वच्छ, सुंदर, रकान्यात रकाना. आणि परक्याच्या घरात अंधारात बटणं चाचपावीत तशी मी तिच्यात फिरत होते. कुठलं बटण दाबल्यावर कुठला दिवा लागतो ते मला ठाऊक नव्हतं, आणि घरावर पाटी माझ्या नावाची होती.

एका सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी करडी अक्षरं बंद केली. ती बंद करता येतात. खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसले. ठरवलं, नाव तोडायचं एवढंच आपण आपलं लिहू. पहिल्या वर्षाचं काम. कोरी फाइल उघडली. पहिला शब्द लिहिला आणि थांबले. खाली भाजीवाला ओरडत होता, समोरच्या गॅलरीत कुणी गाद्या उन्हात टाकत होतं. कर्सर लुकलुकत होता. मी त्याच्याकडे बघत होते. बराच वेळ गेल्यावर मला कळलं की मी विचार करत नाहीये. मी कुणाची तरी वाट बघतेय.

आई चहा ठेवून गेली. परत आली. "काय बघतेस नुसती त्याच्याकडे? अडलंय का काही? अडलं असेल. विचार ना कुणाला तरी ऑफिसात." प्रश्नही तिचा, उत्तरही तिचं, सल्लाही. मी मान हलवली. चहावर साय धरली होती.

अपयशाची मला भीती वाटायची, पण ती अशी नव्हती आधी. परीक्षेत नापास होणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कळणं. हे वेगळं होतं. मला काय येत नाही तेच मला माहीत नव्हतं. सगळं आलेलंच दिसत होतं. मी डिग्रीधारक होते, माझ्या नावावर प्रोजेक्ट होते, मुलाखतीत मी पास झाले होते. पण या सगळ्याच्या आतला जो कुणी हे करतो तो माणूस मी शोधायला गेले, तर तिथे कोणी राहतच नव्हतं. दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी मनगटं पाण्याखाली धरून उभी राहायचे. रडायचे नाही. रडण्यासाठीसुद्धा वाक्य पूर्ण व्हावं लागतं.

अष्टमीला शेजारच्या राणे काकू आल्या होत्या. आईनं साबुदाण्याची खिचडी केली होती. काकूंनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "काय गं, ते एआय का काय ते सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार म्हणे? टीव्हीवर सारखं सांगतात. मग आपल्या अनूचं कसं?"

मी सवयीनं आईकडे बघितलं. आई उत्तर देणार होती. नेहमीसारखं, माझ्या वतीनं, चटकन. तिनं तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य होतं जे आईला पूर्ण करता आलं नाही. मग म्हणाली, "घ्या ना काकू अजून थोडी," आणि काकूंच्या बशीत खिचडी वाढली. नको नको म्हणेपर्यंत वाढतच राहिली.

वर्षा मॅडमना मी घाबरायचे. त्या गिरगावातून लग्न होऊन मीरा रोडला आलेल्या. चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं तुटक. शिकल्या तेव्हा कॉलेजात यंत्रं मोजकी. "नंबर लागायचा यंत्रापाशी. चुकलं की परत रांगेत शेवटी. मग काय, आधी कागदावर चालवून बघायचं सगळं." त्याला त्या ड्राय रन म्हणत. आम्हालाही कॉलेजात ड्राय रन होता, पाच मार्कांना; तो आम्ही एकमेकांचा उतरवून काढायचो. मॅडम मात्र अजून तो करतात. कोरा कागद, त्यावर उभे रकाने, प्रत्येक रकान्याला एक नाव, आणि प्रोग्रामची ओळ वाचत वाचत रकान्यातली किंमत बदलत जायची. तोंडानं बोलत.

नावांचा गोंधळ वाढल्यावर त्यांनी मला बोलावलं. लॅपटॉप मिटला. पेन्सिल पुढे सरकवली.

"आता तू मशीन. हुशारी करायची नाही. ओळ सांगेल तेवढंच करायचं. बोल."

मी वाचलं. "ही ओळ आडनाव काढते."

"काढते? कोण म्हणालं? तुला तसं हवंय. ती काय करते ते सांग."

"बेसिकली ती..."

"बेसिकली म्हणजे येत नाही. पुढे."

दर्शन पलीकडच्या टेबलावरून ओठांनी काहीतरी सुचवत होता. मॅडम त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "दर्शन, तू फाफडा खा," आणि खुर्चीत मागे रेलल्या. मदत केली नाही, रागावल्याही नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. माणसानं इतका वेळ माझ्यासाठी थांबणं मला सहन होईना. मी म्हटलं, "मी उद्या करून आणू का?" त्या म्हणाल्या, "आण."

दुसऱ्या दिवशीही मला नीट आलं नाही. तिसऱ्या दिवशी अर्धं आलं, आणि ते चुकीचं होतं. पण ते कुठे चुकलं होतं ते दिसत होतं. कागदावर पेन्सिलनं चूक केली की ती तिथेच राहते. खोडलं तरी खळगा राहतो. माझ्या डोळ्यांची खोड मला कळायला लागली: मी ओळ वाचतच नव्हते, ती काय करत असावी याचा अंदाज बांधत होते. समोरच्याचं वाक्य पूर्ण करण्याची सवय मलाही लागली होती तर. शाळेपासून मी गप्प बसून तेवढंच करत आले होते.

तरी रोज संध्याकाळी सातवीणीखालून चालत रिक्षा स्टँडवर जाताना वाटायचं, याला काय अर्थ आहे? मी पेन्सिलनं एक ओळ चालवते तोवर ते यंत्र हजार ओळी लिहून मोकळं होतं. पुढच्या वर्षी आणखी लिहील. मी पोहायला शिकतेय आणि लोक पुलावरून गाड्या घालून चाललेत. मॅडमना एकदा मी हे विचारायला गेले, पण वाक्य तयार झालं नाही. त्यांच्याकडेही याचं उत्तर असेल असं मला वाटत नाही. त्याही टूल वापरतातच. आम्ही सगळेच वापरतो.

आज वर्षभरानं एवढं सांगू शकते की नावाचा तो प्रश्न शेवटी सुटला तो एका साध्या रकान्यानं. नाव तोडायचंच नाही. नोंद करताना रेश्मानं समोरच्या माणसाला विचारायचं, हाक काय मारू? आणि ते तिथे लिहायचं. कुणी सांगतं जनाबाई, कुणी सांगतं डिसोझा अंकल, कुणी सांगतं पिंकीची मम्मी. गंमत म्हणजे हे सुचल्यावर मी यंत्रालाही विचारून पाहिलं, यावेळी नीट, सगळी परिस्थिती सांगून. त्यानंही पहिल्याच उत्तरात हेच सुचवलं. त्याला ते केव्हापासून माहीत असेल कोण जाणे. मी त्याला सारखं विचारत होते की नाव तोडायचं कसं. नाव तोडायचं का, हे विचारायला मी तोवर त्या कागदावर पुरेशी चुकले नव्हते.

पण ते नंतरचं. दिवाळीआधी सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं, तोवर मला काहीच सुचलेलं नव्हतं. खाली दुकानात चिवड्याचे पोहे भाजायला घेतले होते, जिन्यात मोहरीचा धूर होता. केबिनमध्ये सर, मॅडम, दर्शन आणि मी. सर म्हणाले, "ते नावाचं प्रकरण. दोघांनी दाखवा, कोणी काय केलं. मग ठरवू."

दर्शननं दाखवलं. त्याचा पडदा गुळगुळीत होता, रंगीत होता. एकदोन नावं चुकली पण बरीचशी बरोबर आली. मध्ये एक पायरी का आहे असं मॅडमनी विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "मॅडम, टूलनं टाकलीय, काढली तर चालत नाही." सरही हसले. दर्शनचं मला वाईट वाटलं नाही, रागही आला नाही. तो माझ्या जागी होता आणि मी त्याच्या. आम्हा दोघांत फरक एवढाच की त्याला पटकन हसता यायचं.

माझ्याकडे पडदा नव्हता. यंत्राची ती लांबलचक फाइल मी आणली नव्हती. माझ्याकडे मी स्वतः लिहिलेल्या थोड्याशा ओळी होत्या आणि एक कागद. त्या ओळी दर्शनच्या निम्म्यानंही नावं बरोबर काढत नव्हत्या, हे मला माहीत होतं. ही नोकरी गेली तर आई राणे काकूंना काय सांगेल हेही मला माहीत होतं. पण त्यातली प्रत्येक ओळ मी लिहिली होती.

"बोलत चालव," मॅडम म्हणाल्या.

मी कागदावर नाव लिहिलं. भोईर जनाबाई बाळाराम. म्हटलं, "नाव मोकळ्या जागेवर तुटतं. तीन तुकडे. मोजणी शून्यापासून. शून्यावर भोईर. एकावर जनाबाई. दोनावर..." रकान्यात लिहिलं. पुढची ओळ वाचली. आणि तिथे पेन्सिल थांबली. मी काल रात्री घरी ती ओळ बरोबर आहे असं समजून झोपले होते. आता ती माझ्यासमोर होती आणि मला हवं होतं ते करत नव्हती. ती काहीतरी भलतंच करत होती. काय करत होती ते मला दिसायच्या बेतात होतं, अगदी काठावर, जसं एखादं नाव जिभेवर येतं आणि थांबतं.

मी ती ओळ बोटाखाली धरून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

सरांनी घड्याळ बघितलं. "अरे, मतलब वही प्रॉब्लेम आहे ना अजून. टूलला विचार, दोन मिनिटांत सांगेल." त्यांनी स्वतःचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

दर्शन माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "एक वजा कर अनुजा. तुकडे तीन, पण मोजणी शून्यापासून. बोल ना, मैं बोलूँ क्या?"

मॅडमनी चष्मा वर केला. इतके दिवस गप्प राहिलेल्या मॅडमनीसुद्धा, माझी दया येऊन असेल, कागदावर बोट ठेवलं. "बघ, इथे काय होतंय..."

तिघांची वाक्यं एकाच वेळी माझ्या दिशेनं येत होती. तिघांचीही बरोबर असणार होती. मी सरांच्या लॅपटॉपचा पडदा हळूच खाली केला. दर्शनकडे बघितलं, मग मॅडमच्या बोटाकडे. तोंड उघडलं, आणि या वेळी माझ्या गळ्यात आधी कुठलंच वाक्य तयार नव्हतं.

"थांबा जरा," मी म्हणाले. "माझं मला चुकू द्या."